गच्चीतून दिसणारा सिंहगड: एकाच डोंगराचे वर्षभर फोटो काढताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. धायरीत तुमच्या गच्चीवरून सिंहगड समोर दिसतो. साधा डीएसएलआर आहे, त्यासोबत आलेली १८-५५ची लेन्स आहे. जानेवारीपासून पन्नासएक फोटो काढलेत, पण गड प्रत्येक वेळी फिकट, चपटा आणि पुसट येतो. तेव्हा मोठी लेन्स घ्यावी का, आणि आता पावसाळ्यात कॅमेरा बाहेर काढावा की कपाटात ठेवावा?

लेन्स एवढ्यात घेऊ नका. पावसाळ्यात कॅमेरा जरूर बाहेर काढा, कारण तुम्हाला हवा असलेला गड तेव्हाच दिसणार आहे. मी वडगावच्या बाजूला राहतो आणि गेली अठरा-एकोणीस वर्षं हाच गड जवळपास याच दिशेने टिपतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी अंतराचं बघू. धायरीपासून गड सरळ रेषेत दहा-अकरा किलोमीटरवर आहे. पुणे शहराची उंची साधारण ५६० मीटर, गडाची १३१२. म्हणजे तुमच्या गच्चीवरून तो साडेसातशे मीटर वर उठतो आणि हात लांब करून दोन बोटं आडवी धरली तर त्यांच्याआड जवळजवळ झाकला जातो. एवढ्या लहान आकाराकडे आपण मन एकवटून बघतो, म्हणून तो मोठा भासतो. कॅमेऱ्याला मन नाही, तो गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्यांसकट सगळं सारख्याच मापाने घेतो. पण लेन्स पुरी पडत नाही असंही नाही. ५५ मिलिमीटरच्या टोकाला, म्हणजे पूर्ण झूम केल्यावर, तुमच्या चौकटीत गडाच्या अंतरावर साडेचार किलोमीटर रुंदीचा पट्टा बसतो. गड, त्याच्या दोन्ही बाजूंच्या उतरत्या सोंडा आणि अलीकडच्या नांदोशी-किरकटवाडीकडच्या टेकड्या एवढं सगळं त्यात येतं. २०० मिलिमीटर घेतलीत तर पट्टा सव्वा किलोमीटरचा होईल, म्हणजे फक्त माथा. माथा पुढे कधीतरी घ्यालच, पण वर्षभराचं काम त्या अलीकडच्या टेकड्यांवर उभं राहतं.

त्याचं कारण सांगतो. डोंगर वर्षभर तोच असतो. तुमच्या आणि डोंगराच्या मध्ये जी दहा-अकरा किलोमीटर हवा आहे ती रोज वेगळी असते. तिच्यात कधी धूळ, कधी धूर, कधी बाष्प, कधी पावसाचा पडदा. तुमचे फोटो पुसट येतात कारण तुम्ही या हवेतून आरपार बघायचा प्रयत्न करताय. मीही पहिली तीन-चार वर्षं तेच केलं. नंतर हवाच टिपायला लागलो आणि मग टेकड्यांच्या एकामागून एक फिकट होत जाणाऱ्या रांगा दिसायला लागल्या. सगळ्यात जवळची काळपट, मधली निळी, गड राखाडी. या उतरत्या छटांवरूनच फोटो बघणाऱ्याला अंतर कळतं. मोठी लेन्स हवेचा हा पडदा दूर करत नाही, गडाबरोबर त्यालाही मोठा करते.

दुसरी गोष्ट दिशेची. ही एकदा कागदावर मांडा, निम्मी कोडी सुटतील. तुमच्या गच्चीवरून गड दक्षिण आणि नैऋत्य यांच्या मधोमध आहे. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य पूर्वेच्या बराच दक्षिणेला उगवतो आणि पश्चिमेच्या बराच दक्षिणेला मावळतो, म्हणजे तुमच्या गडाच्या उजव्या अंगाला, फार दूर नाही. म्हणून हिवाळ्यातल्या संध्याकाळी तुम्ही जवळपास सूर्याच्या तोंडाशी कॅमेरा धरता. समोरून येणाऱ्या उजेडात हवेतला प्रत्येक कण चमकतो आणि गड फिका पडतो. जानेवारीतले फोटो फिकट का आले, त्याचं निम्मं उत्तर इथे आहे. तोच गड त्याच दिवशी सकाळी साडेसातला बघा. ऊन डाव्या हाताने आडवं येतं, कड्यांच्या सावल्या पडतात आणि बेसॉल्टचे, म्हणजे काळ्या कातळाचे, थर एकावर एक रचलेले दिसतात. पोलरायझर फिल्टरही (लेन्सपुढे लावून फिरवायची, चकाकी आणि धूसरपणा कमी करणारी काच) अशा वेळी सगळ्यात जास्त काम करतो, कारण तो सूर्याच्या काटकोनात बघताना प्रभावी असतो. दुपारी सूर्य दक्षिणेला म्हणजे गडाच्याच बाजूला असताना तो फिरवत बसलात तरी फरक पडणार नाही. मोठ्या लेन्सच्या पैशांत चांगला पोलरायझर आणि बऱ्यापैकी ट्रायपॉड दोन्ही येतात. आधी तेच घ्या.

उन्हाळ्यात गणित उलटतं. मेच्या मध्यावर पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, तसाच पुन्हा जुलैच्या अखेरीस. या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो. हिवाळाभर सावलीत राहिलेल्या गडाच्या उत्तर उतारावर तेव्हा सकाळ-संध्याकाळ तिरकं ऊन पोचतं. तुम्हाला दिसतो तो हाच उतार. म्हणजे तुमच्या बाजूचा गड खऱ्या अर्थाने उजळतो तो पावसाळ्यात, ढग फाटतात तेव्हा. आणि हवाही तेव्हाच धुतलेली असते.

मार्च ते मे फार काही सांगण्यासारखं नाही. धूळ असते, दहाच्या पुढे तापलेल्या हवेची थरथर असते आणि लांबच्या लेन्सने काढलेला फोटो पाण्याखालून काढल्यासारखा येतो. सकाळी आठच्या आत जे मिळेल ते घ्यावं. दोन गोष्टींसाठी मात्र संध्याकाळी गच्चीवर जावं. एक म्हणजे वणवा. रात्री उतारावर नारिंगी रेघ सरकताना दिसते आणि दुसऱ्या दिवशी तिथे काळा डाग असतो. फोटो काढा, पण आधी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. दुसरी म्हणजे वळीव. विजेच्या फोटोसाठी कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, आयएसओ १००, एफ/८, शटर दहा-पंधरा सेकंद, एकामागून एक फोटो घेत राहा. हे सगळं खोलीच्या आतून, खिडकीतून करायचं. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ लागत असेल तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा गच्चीवर थांबायचं नाही, ट्रायपॉड धरून तर नाहीच.

आता पावसाळा. मृग लागला, पाऊस दोन-चार वेळा बरा झाला, की एक सकाळ अशी येते की गड एकदम जवळ सरकल्यासारखा वाटतो. शेजारच्या इमारतीतले लोकसुद्धा म्हणतात, आज गड काय स्वच्छ दिसतोय! ती सकाळ चुकवू नका. माझ्याकडचे सगळ्यात धारदार फोटो जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातले आहेत. उतार अजून तपकिरी असतात, भिजलेला कातळ मात्र काळाभोर होतो. हिरवं यायला आणखी पंधरा-वीस दिवस लागतात. ही मधली अवस्था फार थोडे दिवस टिकते.

जुलैत पंधरा-पंधरा दिवस गड दिसतच नाही. अशा वेळी मी गडावरच्या दूरदर्शनच्या टॉवरकडे बघतो. गडावर दही विकणाऱ्या एका मावशींनी मला फार पूर्वी सांगितलं होतं, "टॉवर बुडाला की खालच्यांनी छत्री काढायची." मी तेव्हापासून वहीत टॉवरची नोंद ठेवतो: पूर्ण, अर्धा, बुडाला. टॉवर दिसेनासा झाला म्हणजे ढगाचा तळ शहरापासून साडेसातशे मीटरच्या आसपास खाली आला. टॉवर बुडाला पण खालचे कडे दिसताहेत, ही अवस्था मला सगळ्यात आवडते. तेव्हा गड कापलेल्या मेजासारखा सपाट दिसतो, ढगाची किनार त्याच्यावर ओढलेल्या चादरीसारखी असते आणि मोठा पाऊस होऊन गेला असेल तर उतारांवर पाण्याच्या पांढऱ्या रेघा दिसतात. १८-५५च्या टोकाला त्या केसाएवढ्या बारीक येतात, तरी येतात.

या दिवसांत कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर फसतं. समोर सगळं पांढुरकं असलं की ते फोटो काळवंडून टाकतं. एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवा आणि हिस्टोग्राम, म्हणजे पडद्यावरचा उजेडाचा आलेख, उजव्या कडेला चिकटत नाही ना, ते बघा. ऑटोफोकसही ढगात घरघरत राहतो, कारण त्याला पकडायला कडा मिळत नाही. एखाद्या स्वच्छ दिवशी लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावर दिसणारं चित्र) मोठा करून टॉवरवर हाताने फोकस लावा आणि रिंगवर कागदी चिकटपट्टी मारून ठेवा. झूम बदललंत तर पुन्हा तपासायचं.

श्रावणात उघडीप मिळते. ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला की उन्हाचा एकच तुकडा उतारावरून सरकत जातो. आधी अलीकडच्या टेकडीवर येतो, मग दरीत विझतो, मग गडाच्या खांद्यावर पुन्हा पेटतो. याला घाई चालत नाही. चौकट आधी पक्की करायची, शटरची केबल हातात धरायची आणि चहा थंड होऊ द्यायचा. तो तुकडा गडावर दहा-बारा सेकंदांपेक्षा जास्त क्वचितच थांबतो.

आणि ऑगस्टचं एक खास सांगतो. इंद्रधनुष्य नेहमी सूर्याच्या विरुद्ध दिशेला उमटतं, त्या विरुद्ध बिंदूपासून ४२ अंशांवर. म्हणजे संध्याकाळचं धनुष्य पूर्वेला, तुमच्या पाठीमागे. सकाळचं पश्चिमेला, आणि त्याचा डावा पाय ऑगस्टच्या मध्याच्या सुमारास साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान तुमच्या गच्चीवरून जवळपास गडावर येऊन टेकतो. त्यासाठी शहरावर ऊन आणि गडाकडे पाऊस, असा योग जुळून यावा लागतो. एवढ्या वर्षांत मला तो दोनदाच मिळाला. एकदा पोलरायझर लावलेला होता आणि तो फिरवताना धनुष्य पुसलं जातंय हे लक्षातच आलं नाही. इंद्रधनुष्याचा प्रकाश ध्रुवित असतो, फिल्टर चुकीच्या कोनात गेला की धनुष्य गायब होतं. तेव्हा तो हळू फिरवा, किंवा काढूनच ठेवा.

पावसात कॅमेरा सांभाळायचा तर थेंबांपेक्षा दमट हवेची काळजी जास्त करा. थेंब पुसता येतात. त्यासाठी लेन्सला हूड लावा, वर मोठी छत्री धरा, कॅमेऱ्याच्या अंगाला जुना सुती पंचा आणि काचेला फक्त मायक्रोफायबरचा कपडा. दमटपणाने लेन्सच्या आत बुरशी येते आणि ती पुसता येत नाही. माझी पहिली टेली लेन्स, म्हणजे दूरचं जवळ आणणारी, अशीच गेली. जुलैत पाठीवरच्या बॅगेतच पडून राहिली, गणपतीत काढली तेव्हा आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे होते. दुरुस्तीला दिली, साफ होऊन आली, पण मधलं एक भिंग तिरकं बसलं आणि फोटोची डावी बाजू कायमची मऊ झाली. तेव्हापासून लेन्स रबरी कडेच्या हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या आणि एक लहान आर्द्रतामापक टाकून ठेवतो. काटा चाळीस ते पन्नासच्या मध्ये राहायला हवा. पुड्यांचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर कोरड्या करून पुन्हा वापरता येतात. कॅमेरा ओला होऊन आला तर बॅगेत तसाच ठेवू नका, तासभर पंख्याखाली उघडा ठेवा. आणि एसीच्या खोलीतून थेट गच्चीवर नेलात तर काचेवर वाफ धरते, दहा मिनिटं काहीच दिसत नाही.

सप्टेंबरच्या अखेरीस पाऊस ओसरायला लागला की सगळे लोक फुलांच्या मागे लागतात. सोनकी, तेरडा गडावर जाऊन जरूर बघा, पण अकरा किलोमीटरवरून फूल दिसत नाही, गवत दिसतं. आणि गवताचा रंग दर आठवड्याला सरकतो. गडद हिरवा, मग पिवळट हिरवा, मग दिवाळीच्या पुढेमागे सोनेरी. सह्याद्रीच्या कातळात कठीण आणि मऊ थर आलटून पालटून आहेत. मऊ थर झिजून जी पायरी तयार होते तिच्यावर गवत वाढतं, कठीण थराचा कडा उघडा राहतो. त्यामुळे नोव्हेंबरच्या सकाळी आडव्या उन्हात गडावर सोनेरी आणि काळे पट्टे दिसतात. खणाच्या काठासारखे. या महिन्यात सकाळचा एकही रविवार सोडू नका.

डिसेंबर-जानेवारीत निरभ्र रात्री जमीन पटकन गार होते, गार जड हवा सखल भागात साचते आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं. शहराचा सगळा धूर त्या झाकणाखाली अडकतो. खडकवासल्याच्या पाण्यावरून उठणारं धुकंही त्यात मिसळतं. तुमच्या गच्चीवरून मग गडाचा फक्त वरचा भाग तरंगताना दिसतो, खाली दुधी पट्टा. नऊ-साडेनऊला ऊन तापलं की हे झाकण मोडतं आणि सगळं एकसारखं धुरकट होतं. म्हणून सूर्योदयाआधी पाऊण तास गच्चीवर असायला हवं. त्याच महिन्यांतल्या संध्याकाळी, ज्या तुम्हाला फसल्यासारख्या वाटल्या, वेगळ्या पद्धतीने वापरून बघा. एक्स्पोजर एक स्टॉप कमी करा, गडाचा तपशील सोडून द्या आणि फक्त टेकड्यांच्या कडा मोजा. मला एकदा सात रांगा मिळाल्या होत्या.

सूर्य नेमका गडामागे मावळताना हवा असेल तर धायरीतून तो कधीच मिळणार नाही, त्यासाठी जागा बदलावी लागेल. खेड शिवापूरच्या बाजूने गड पश्चिमेला, थोडा उत्तरेकडे येतो. एप्रिलच्या उत्तरार्धात, मेच्या आसपास तिथून जमण्यासारखं आहे. नेमकी तारीख सूर्याची दिशा दाखवणाऱ्या ॲपवर बघून घ्या. पाण्यापलीकडे गड हवा असेल तर कुडजे-आगळंबेकडचा काठ. तिथे पावसाळ्यात काठाचा गाळ निसरडा असतो, पाण्यालगत ट्रायपॉड लावू नका. ड्रोनचा विचार तर परवानगीशिवाय करूच नका, एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) शेजारी आहे. आणि जोराच्या पावसात दरडी येऊन गडाचा घाटरस्ता मधूनमधून बंद होतो, निघण्यापूर्वी चौकशी करा.

पण पहिलं वर्ष गच्ची सोडू नका, असं मी मनापासून सांगेन. मालिकेचा जीव एकाच जागेत असतो. त्यासाठी तीन गोष्टी गोठवून टाका: उभं राहायची जागा, लेन्सचा आकडा आणि व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगछटेची सेटिंग). शेवटचं फार जण विसरतात. ऑटोवर ठेवलंत तर कॅमेरा जानेवारीचा निळा आणि मेचा पिवळा दोन्ही एकसारखे करून टाकतो, आणि तुम्हाला तर तोच फरक हवाय. वर्षभर डेलाइटवर ठेवा. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढा. संगणकावर धुकं कमी करणारी पट्टी असते, ती या मालिकेपुरती विसरून जा, नाहीतर बारा महिन्यांची हवा एकाच दिवसाची वाटेल. सोबत साधी वही ठेवा. तारीख, वेळ, वारा, टॉवर. मी नक्षत्रही लिहितो, कारण आमच्या घरात पाऊस नक्षत्रावरच मोजला जायचा आणि पंधरवड्याची ती मापं मला महिन्यांपेक्षा सोयीची वाटतात.

हे सगळं लवकर सुरू करा, याला आणखी एक कारण आहे. माझ्या सुरुवातीच्या फोटोंत खालच्या बाजूला शेतं आणि वीटभट्टीचा धूर आहे. आता तिथे इमारती आहेत आणि गडाची डावी सोंड एका टॉवर क्रेनमागे गेली आहे. तुमच्या गच्चीसमोरही कधी कोणाचं काम निघेल, सांगता येत नाही. म्हणून टाक्या, इमारती कापून टाकू नका, चौकटीत खाली थोडी जागा त्यांनाही द्या. ते बदलही तुमच्याच मालिकेचे आहेत.

आज मेची वीस तारीख आहे, मृगाला अठरा-एकोणीस दिवस राहिलेत. या रविवारी सकाळी साडेसहाला वर जा. गच्चीच्या फरशीवर ट्रायपॉडच्या तिन्ही पायांच्या जागी ऑइल पेंटने ठिपके द्या. लेन्स ५५ वर घ्या, टॉवर चौकटीच्या उजव्या तिसऱ्या भागात आणि क्षितिज खालच्या तिसऱ्या भागात ठेवा, एक फोटो काढा. त्याची पोस्टकार्डाएवढी प्रत छापून कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवा. दर वेळी चौकट तिच्याशी ताडून बघायची. हा पहिला फोटो धुळकट आणि बेरंग येईल. तसाच राहू द्या, जूनच्या त्या स्वच्छ सकाळी तो शेजारी ठेवायला लागेल.